क्वांटम मिशन आणि सेलोटेपचं बिल

सांगलीहून मिरजेकडे निघालं की रस्त्याच्या कडेला गाड्या धुणारी सेंटर्स लागतात. त्यांतल्या एकावर वर्षभरापासून फ्लेक्स झळकतोय: ‘येथे ग्राफीन कोटिंग करून मिळेल.’ बाटलीत नेमकं काय असतं ते विचारायला मी कधी थांबलो नाही. पण वर्गात ग्राफीनचं, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराचं, नाव काढलं की एखादा तरी पोरगा विचारायचा, ‘‘सर, ते गाडीला मारतात तेच का?’’ नोकरीच्या शेवटच्या वर्षात मी खुलासा करणंच सोडलं होतं. ‘‘तेच म्हण,’’ म्हणायचो आणि फळ्याकडे वळायचो.

या कोटिंगवाल्या ग्राफीनचा एक सख्खा भाऊ मुंबईत कुलाब्याला राहतो. मिरजेतून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसलं की सकाळी त्याच्या दारात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख आणि आर. विजय यांच्या गटांनी ग्राफीनचा एक कपटा अतिसंवाहक, म्हणजे विजेला अडथळा न करणाऱ्या, सर्किटमध्ये बसवून असा ॲम्प्लिफायर केला, की त्याची वारंवारता नुसत्या व्होल्टेजने वर-खाली करता येते. २०२२ साली ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त ते काम प्रसिद्ध झालं. गाडीच्या चकाकीइतकं ते गाजलं नाही. पण देशाने क्वांटम तंत्रज्ञानावरचा पैसा कुठे घालावा, या वादात मला तो ॲम्प्लिफायर फार मोलाचा साक्षीदार वाटतो. साक्ष काढायची तर आधी त्याचं काम समजलं पाहिजे, आणि ते समजवायला मी मुलांना मिरजेला न्यायचो.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरे होतात. दीडेकशे वर्षांपूर्वी तलवारींना धार लावणारे शिकलगार या धंद्यात आले आणि फरीदसाहेबांपासून पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी गवयांना वाद्यं पुरवली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तिथे कारागीर तंबोरा जुळवताना बघावा. आधी खुंटी पिळून तार अंदाजाने सुरात आणायची. मग घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी केसभर सरकवायचा, म्हणजे बारीक फरक निघतो. शेवटी जवारीवर, म्हणजे घोडीच्या माथ्यावर, तारेखाली सुताचा दोरा घालून तो पुढेमागे करायचा. एका विशिष्ट जागी तार एकदम बोलू लागते, खोली भरून जाते. मुलांना हे दाखवलं की पुढचं शिकवायला निम्मा वेळ पुरतो.

क्वांटम संगणक ज्या विटांनी बांधतात, त्यांतली एकेक वीट म्हणजे क्युबिट. अतिसंवाहक क्युबिट हाही एक प्रकारचा तंबोराच. त्यात तारेऐवजी वीज कंप पावते, सेकंदाला सुमारे पाचशे कोटी वेळा. सर्किट ॲल्युमिनियमचं किंवा नायोबियमचं असतं आणि निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या पन्नासाव्या भागाइतक्या तापमानाला ठेवलेलं असतं. तिथे विजेला अडथळाच उरत नाही, आणि उष्णतेची धडधडही इतकी कमी होते की मायक्रोवेव्हचा एकेक कण ओळखू येतो. सर्किटच्या मध्यावर असतं जोसेफसन जंक्शन: दोन अतिसंवाहक पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा पापुद्रा. या पापुद्र्यातून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या विनाव्होल्टेज पार होतील, असं भाकीत ब्रायन जोसेफसनने १९६२ साली केलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. असं सर्किट एखाद्या अणूसारखं क्वांटमचे नियम पाळतं हे जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीत दाखवलं, त्यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

आता गोम सुरात आहे. ऑक्साइडचा पापुद्रा एकदा धरला की धरला. त्याची जाडी अणूभर इकडेतिकडे झाली की वारंवारता हलते, आणि शंभर क्युबिट एकाच वेळी बनवले तरी शंभरांचे सूर शंभर तऱ्हेचे निघतात. ही पेटीच्या सुरासारखी गत. पेटीचा सूर बदलायचा तर पेटी उघडून पितळी पट्टी घासावी लागते: टोकाशी घासली तर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. गंमत म्हणजे आयबीएमच्या लोकांनी अक्षरशः हेच केलं, लेझरने एकेक जंक्शन तापवून वारंवारता हवी तिथे आणली. दुसरा उपाय जुना आहे. एकाऐवजी दोन जंक्शनांचं कडं करायचं आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र पाठवून सूर बदलायचा. हा उपाय उत्तम चालतो, पण क्षेत्रासाठी वायरीतून प्रवाह न्यावा लागतो, प्रवाह आला की ऊब आली, आणि जिथे उष्णतेचा हिशोब मायक्रोवॅटमध्ये मांडतात तिथे ऊब परवडत नाही. शिवाय क्षेत्र काही कुंपण पाळत नाही. माझी खुंटी पिळली की शेजारच्याचा तंबोरा उतरतो.

ग्राफीनने इथे तिसरी वाट काढली. ऑक्साइड काढून त्या जागी कार्बनचा एकच अणुजाड थर ठेवायचा. ग्राफीन स्वतः अतिसंवाहक नाही, पण दोन्ही बाजूंच्या धातूतल्या जोड्या त्याच्यात पाझरतात, शेजारच्या रानातला ओलावा बांधाखालून आपल्या रानात यावा तशा. वर बोरॉन नायट्राइडचा निरोधक थर आणि त्यावर धातूची पट्टी. पट्टीला व्होल्टेज दिलं की ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन वाढतात किंवा कमी होतात, त्याबरोबर जंक्शनमधून जाऊ शकणारा प्रवाह बदलतो, आणि सर्किटचा सूर बदलतो. व्होल्टेज नुसतं उभं असतं, प्रवाह वाहत नाही, म्हणून ऊब नाही. ग्राफीनमधून असा प्रवाह जातो हे डेल्फ्टच्या संशोधकांनी २००७ मध्येच दाखवलं होतं. धातूच्या सर्किटला आपल्या तंबोऱ्यासारखी खुंटी मिळाली ती अशी.

इथपर्यंत ऐकून मुलं खूष होतात, आणि इथेच मास्तराने ब्रेक लावायचा असतो. २०१९ मध्ये एमआयटीच्या गटाने ग्राफीनच्या जंक्शनवर पूर्ण क्युबिट करून दाखवला. त्याची क्वांटम अवस्था टिकली ५५ नॅनोसेकंद. नेहमीचे ॲल्युमिनियम ऑक्साइडवाले क्युबिट आज शेकडो मायक्रोसेकंद टिकतात, सर्वांत चांगले मिलिसेकंदाच्या पल्ल्यात गेलेत. म्हणजे हजारो पटींचा फरक. तंबोरा सुरेख लागतो, पण तार छेडली की नाद तत्काळ बसतो, असा तंबोरा कोणता गवई घेईल? धातू आणि ग्राफीन जिथे भेटतात त्या कडा, हाताने रचलेले थर, मध्ये अडकलेला हवेचा किंवा चिकट पदार्थाचा बुडबुडा, सगळीकडून ऊर्जा गळते. त्यात प्रत्येक नमुना एकेकट्याने रचावा लागतो आणि दोन नमुने सारखे निघत नाहीत. ‘ग्राफीनमुळे क्वांटम संगणक आता दारात’ असं कुणी लिहिलं तर कोटिंगवाल्या फ्लेक्सशेजारी त्यालाही जागा द्यावी.

मग कुलाब्याच्या ॲम्प्लिफायरचं मोल कशात? क्युबिटचं उत्तर मायक्रोवेव्हच्या मोजक्या कणांच्या रूपात बाहेर येतं. ते मोठं केल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि मोठं करणाऱ्या यंत्राने स्वतःची खरखर त्यात मिसळली तर उत्तर बुडतं. क्वांटम सिद्धान्त म्हणतो की थोडी खरखर अटळ आहे, त्याखाली कुणाचा बाप जाऊ शकत नाही. ग्राफीनच्या जंक्शनवरचा हा ॲम्प्लिफायर त्या सीमेवर काम करतो. २४ डेसिबल, म्हणजे सुमारे अडीचशे पट वाढ, आणि व्होल्टेजने साडेतीन गिगाहर्ट्‌झपर्यंत सूर हलवण्याची सोय. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या गटानेही तसाच ॲम्प्लिफायर केला. ॲम्प्लिफायरला अवस्था मिलिसेकंद जपून ठेवायची नसते, त्यामुळे ग्राफीनचा गळकेपणा इथे तितका आडवा येत नाही. खुंटीचा फायदा मात्र पुरेपूर मिळतो. गायकाच्या जागी बसवून ज्याची फजिती झाली, त्याला साथीला बसवलं तर मैफल रंगते.

साथीला कोण बसवायचं आणि त्याला बिदागी किती द्यायची, हा माझा प्रश्न आहे.

केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. २०३०-३१ पर्यंतच्या आठ वर्षांसाठी ६,००३.६५ कोटी रुपये. त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं उद्दिष्ट म्हणजे आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटचे संगणक. बंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथे चार केंद्रं ठरली आणि त्यांतलं दिल्लीचं केंद्र पदार्थ आणि उपकरणं यांच्यासाठी आहे, हे मान्य केलं पाहिजे. साथीदारांचा विचारच केला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. पण उद्दिष्ट क्युबिटमध्ये मोजलं की सगळ्यांचे डोळे क्युबिटवर जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याची डीआरडीओची प्रयोगशाळा, मुंबईची टाटा संस्था आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली, तेव्हा मला त्या कामाचा अभिमान वाटला. आमच्या कट्ट्यावर मात्र पहिला प्रश्न आला तो, ‘‘सहाच? अमेरिकेचे किती?’’ दुसरीकडे अमरावतीत (आपली नव्हे, आंध्रची) आयबीएमचं १५६ क्युबिटचं यंत्र आणायची घोषणा २०२५ मध्ये झाली, आणि आकडा मोठा असल्यामुळे तीच आपली प्रगती, असा सूर लागला. बाहेरून आणलेलं यंत्र वाईट नाही. त्यावर प्रोग्राम लिहायला पोरं शिकतील. पण तंबोरा विकत आणून कुणी तंबोरा करणारा होत नाही.

ग्राफीनच्या या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ग्राफीन चांगलं वागावं म्हणून ते बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये, सँडविचसारखं ठेवावं लागतं. त्यासाठी लागणारे अतिशुद्ध स्फटिक जगभरच्या शेकडो प्रयोगशाळांना गेली पंधरा वर्षं प्रामुख्याने दोन माणसांनी पुरवले: जपानमध्ये त्सुकुबाच्या राष्ट्रीय मटेरियल सायन्स संस्थेतले ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे. अमेरिकेतली, युरोपातली, आपल्याकडची, कुठल्याही नामांकित गटाची यादी काढा, शेवटी ही दोन नावं दिसतात. त्यांच्याकडे काय आहे? १९८० च्या दशकातला एक अजस्र हायड्रॉलिक प्रेस. सुमारे चाळीस हजार वातावरणांचा दाब, पंधराशे अंशांच्या आसपास तापमान, एका घाण्याला आठवडाभर. तानिगुची स्वतः तो प्रेस चालवत आलेत. यात क्युबिट शून्य. कुठल्याही देशाच्या क्युबिटच्या तक्त्यात या प्रेसला घर नाही. तो बंद पडला असता तर निम्म्या जगाचं ग्राफीन मात्र बेसूर झालं असतं.

प्रेस, भट्टी, शुद्धता, आठवडाभराचा धीर. हे शब्द आमच्या भागाला परके आहेत का? पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी उभी आहे. लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या ओसाड माळावर कारखाना काढला. त्याआधी त्यांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणून शेतकरी तो विकत घेत नव्हते. साताऱ्याकडे कराडजवळ ओगलेवाडी आहे, जिथे काच ओतून प्रभाकर कंदील झाले आणि महाराष्ट्रभर घराघरांत पेटले. विटा-खानापूरकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी शुद्ध करायला केरळपासून आसामपर्यंत पसरली आहेत, आणि ‘टंच’ हा शब्द त्यांच्या तोंडी आमच्या ‘शुद्धता’पेक्षा खरा वाटतो. हे सगळे उद्या बोरॉन नायट्राइडचे स्फटिक काढतील असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की ज्या कामाला दाब, आच आणि धीर लागतो ते काम फक्त महानगरातच होतं, हा समज आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात बसत नाही. मोजमापाचंही तेच. शंभरेक वर्षांपूर्वी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, पेशाने डेप्युटी कलेक्टर, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ घेऊन श्रुतींच्या कंपनसंख्या मोजत बसले होते. कुणी निधी दिला होता म्हणून नव्हे.

आता माझ्या स्वतःच्या प्रयोगाबद्दल. मी शिकवलं ते तालुक्याच्या गावातलं कॉलेज. नाव सांगत नाही, कारण पुढे त्याची तक्रार आहे. निवृत्तीला तीन वर्षं असताना मी ठरवलं की मुलांना ग्राफीन करून दाखवायचं. २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव यांनी ते चिकटपट्टीने सोलून काढलं आणि २०१० मध्ये नोबेल घेतलं. चिकटपट्टी आमच्याकडेही होती. पेन्सिलचं शिसं चालत नाही, त्यात चिकणमाती असते. त्यामुळे ग्रॅफाइटच्या शुद्ध पाकळ्या मागवल्या. ज्यावर ३०० नॅनोमीटर ऑक्साइड चढवलेला असतो असे सिलिकॉन वेफरचे चार तुकडे एका जुन्या विद्यार्थ्याने पुण्याहून पाठवले. ही जाडी महत्त्वाची, कारण तिच्यामुळेच एक अणू जाडीचा थर साध्या प्रकाशात डोळ्यांना दिसतो.

कृती लिहायला सोपी आहे. पाकळी पट्टीवर ठेवा, पट्टी दुमडा, सोला, पुन्हा दुमडा, पुन्हा सोला. आठ-दहा वेळा केलं की पट्टीवर राखाडी धुरकट डाग उरतो. तो वेफरवर दाबा, खोडरबराने हलकेच घासा आणि पट्टी इतकी सावकाश उचला की उचलताय हे तुम्हालाच कळू नये. पहिल्या पंधरा दिवसांत आम्हाला फक्त गोंद मिळाला. जुलैचा महिना, हवेत ओल, वेफरवर पाण्याचा अदृश्य थर. मग हॉटप्लेटवर वेफर आधी तापवून घ्यायचं सुचलं.

सूक्ष्मदर्शकाची अडचण वेगळी होती. आमच्याकडचे सगळे जीवशास्त्राचे, खालून प्रकाश येणारे. वेफर अपारदर्शक, त्याला वरून प्रकाश लागतो. तसा सूक्ष्मदर्शक कॉलेजात नव्हता, तो होता कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत. बिडाच्या ओतकामात ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट बसल्या आहेत का, हे तिथला केमिस्ट रोज त्याखाली मोजतो. मी फोन केला तर म्हणाला, ‘‘सर, आम्ही दिवसभर ग्रॅफाइटच बघतो की. या घेऊन.’’ रविवारी सकाळी पाच पोरं आणि मी, डबीत चार वेफर घेऊन हजर.

दोन तास काही नाही. जांभळ्या वेफरवर पिवळे, निळे, चकाकते जाड तुकडे. माझी मान धरली, मी उठलो. माझ्या जागी तासगाव तालुक्यातली एक मुलगी बसली. तिच्या घरी द्राक्षाची बाग. लहानपणापासून पान उलटं करून डाऊनी रोगाचा पहिला डाग शोधायची सवय. ती रंगीत तुकड्यांकडे बघतच नव्हती. दहा मिनिटांनी म्हणाली, ‘‘सर, इथं काहीतरी नसल्यासारखं आहे.’’ मी वाकून बघितलं. एका निळ्या तुकड्याच्या काठाला लागून जांभळ्यावर जांभळी सावली. इतकी फिकी, की नजर रोखली की नाहीशी व्हायची आणि जरा बाजूला बघितलं की परत यायची. केमिस्टने फोकस फिरवला, तोही गप्प झाला. नंतर रामन वर्णपट, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने थर ओळखायची चाचणी, काढून आणला, तो एकाच थराचा निघाला.

‘काहीतरी नसल्यासारखं आहे’ ही ग्राफीनची मी ऐकलेली सर्वांत नेमकी व्याख्या. आज ती मुलगी एका संशोधन संस्थेत थर रचायचंच काम करते. हे मी कर्तृत्व म्हणून सांगत नाही, पोरगी तिच्या डोळ्यांवर पुढे गेली. पण तिचे डोळे कुणाच्या ध्यानात आले ते फाउंड्रीच्या सूक्ष्मदर्शकामुळे, आणि तो मिळाला ओळखीवर. जिल्ह्यातल्या किती पोरांना ओळखीची फाउंड्री आहे?

म्हणून माझी मागणी आहे ती फार मोठी नाही. क्युबिटला लागणारी थंडी करणारा डायल्युशन फ्रिज सांगलीत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. काही कोटींचं ते यंत्र, त्याला तज्ज्ञ माणसं आणि अखंड वीज लागते. इथे ते दोन वर्षांत शोभेची वस्तू होईल आणि उद्घाटनाची कोनशिला तेवढी पुसायला उरेल. ते मुंबई-बंगळुरूलाच असावं. पैसा पसरला की पातळ होतो, हा आक्षेप यंत्रांबद्दल बरोबर आहे. माणसांबद्दल तो चूक आहे, कारण माणसं आधीच पसरलेली आहेत. एका फ्रिजच्या किमतीत दहा जिल्ह्यांना वरून प्रकाश देणारे चांगले सूक्ष्मदर्शक, वेफर आणि ग्रॅफाइट मिळू शकतं. उन्हाळ्यात दोन महिने कुलाब्याच्या किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेत पोरांना थर रचायला बसवता येतं. त्या प्रयोगशाळांना लागणारी शुद्ध तांब्याची ब्रॅकेटं, नमुन्यांच्या पेट्या, बारीक आट्यांचे स्क्रू यांच्या ऑर्डरी कुपवाडच्या, साताऱ्याच्या वर्कशॉपना देता येतात. पहिली खेप नाकारावी लागेल, दुसरीही. चौथ्या खेपेला मायक्रॉन पकडतील, कारण पंपाच्या आणि गाड्यांच्या भागांत त्यांनी तेच केलंय.

दुसरा आक्षेप मला जतच्या एका मित्राने तोंडावर ऐकवला. ‘‘आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो आणि तू क्वांटमचं काय घेऊन बसलास?’’ या प्रश्नाची मला लाज वाटली नाही तर मी इथला नव्हे. हिशोब मात्र केला. ६,००३ कोटी भागिले देशाची माणसं, म्हणजे डोई साधारण ४३ रुपये, तेही आठ वर्षांचे. वर्षाला जेमतेम साडेपाच रुपये, म्हणजे सांगलीत कटिंग चहासुद्धा पुरा येत नाही. या पैशाने जतला पाणी येणार नाही आणि तो वाचवला तरी येणार नाही. त्याचं कारण दुसरीकडे आहे. पण मित्राच्या बोलण्यात एक टोक होतं ते मला लागलं: या साडेपाच रुपयांतला जतला परत काय येतो? यंत्र बाहेरून, स्फटिक जपानहून, फ्रिज फिनलंडहून, आणि इथे फक्त बातमी. तर तो रागावणारच.

बातमीबरोबर हल्ली अभ्यासक्रमही येतात. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४ च्या अखेरीस इंजिनिअरिंगच्या पदवीला क्वांटम तंत्रज्ञानाचा मायनर, म्हणजे जोड, अभ्यासक्रम आणला. कागदावर तो चांगला आहे, प्रयोगशाळेवर भरही आहे. मला भीती कागदाची नाही. जिथे सोडियमचा दिवा तीन वर्षं कपाटात कुलूपबंद राहतो, कारण फुटला तर कुणाच्या पगारातून कापायचा याचा आदेश नाही, तिथे क्वांटमचं प्रॅक्टिकल म्हणजे संगणकावर दोन चौकोन ओढून जर्नल भरणं होईल. मुलं त्यात शंभर टक्के मार्क मिळवतील. सोललेली पट्टी मात्र कुणीच हातात धरलेली नसेल.

इथे धोरण म्हणजे अगदी साधी गोष्ट: खर्चाचं हेड, म्हणजे हिशोबातलं खातं. यंत्र खरेदीला हेड असतं, इमारतीला असतं, उद्घाटनाच्या मंडपालाही कुठून तरी निघतं. वाया जाणाऱ्या सामानाला नसतं. आणि हे सगळं शास्त्र वाया जाण्यावर उभं आहे. एक चांगला थर मिळायला शंभर सोलणी वाया जातात, एक चांगलं जंक्शन मिळायला दहा. मिरजेच्या कारागिराच्या खोलीत मागच्या बाजूला फुटक्या भोपळ्यांचा ढीग असतो, तो ढीग नसता तर पुढच्या खोलीतला तंबोरा नसता. आमच्या सरकारी-निमसरकारी व्यवस्थेला फुटका भोपळा दाखवायची सोय नाही. प्रत्येक भोपळ्याचा तंबोरा व्हायलाच हवा, नाहीतर वसुली.

त्या वर्षी आमच्या प्रयोगाचा एकूण खर्च कॉलेजच्या वहीत आला तो १३५ रुपये: सेलोटेपची तीन रिळं. ग्रॅफाइट मी घेतलं होतं, वेफर फुकट मिळाले होते, फाउंड्रीने चहाही दिला होता. मार्चमध्ये ऑडिट झालं. शेरा आला: ‘पदार्थविज्ञान विभागाने सेलोटेप प्रयोगशाळा साहित्यात दाखविली आहे. सदर बाब स्टेशनरीची आहे. खुलासा व्हावा.’ मी दोन पानी खुलासा लिहिला. त्यात मँचेस्टर आलं, २०१० चं नोबेल आलं, आमच्या नमुन्याचा रामन वर्णपट परिशिष्ट म्हणून जोडला. ऑफिसमधले भाऊसाहेब तो वाचून म्हणाले, ‘‘सर, छान लिहिलंय. पण शेरा तसा निघत नाही.’’ आणि पावती-पुस्तक पुढे सरकवलं. मी १३५ रुपये भरले.